देवघरातली काडतुसं

काकासाहेब बर्ग्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना वॉर्डाबाहेर काढलं होतं.

मी इंदूरच्या सरकारी इस्पितळात नवा डॉक्टर होतो. मध्य प्रदेशही नवाच होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून सगळं शहर रुसलेलं होतं, आणि रुसलेल्या शहरात नोकरी करणं म्हणजे रोज कुणाची तरी बोलणी खाणं. एका दुपारी मानपूरकडून एका शिकाऱ्याला खाटेवर घालून आणलं. अस्वलानं त्याच्या डोक्याची कातडी कपाळापासून मागे ओढली होती. मी टाके घालत होतो, तेवढ्यात बंद गळ्याचा कोट घातलेले, पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ सरळ आत आले. जखमी माणूस त्यांच्या ओळखीचा होता. आता हे तब्येत विचारतील असं मला वाटलं. त्यांनी वाकून त्याच्या कानाशी विचारलं, "गोळी कोणती घातली होतीस?"

माझं डोकंच फिरलं. "बाहेर व्हा!" मी ओरडलो. ते बाहेर गेले.

संध्याकाळी मी निघालो तर बाकावर बसलेलेच. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोट बिघडलेला माणूस आला की तुम्ही विचारता ना, काय खाल्लं होतंस? मी तेच विचारलं." पुढे चालता चालता त्यांनी सांगितलं की गड्यानं अस्वलाला हरणाची गोळी घातली होती. ती वरच्या वर चरबीत फुटली. "अस्वल मेलं नाही, फक्त नाराज झालं," ते म्हणाले. मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. तेही बडा गणपतीपाशी राहत आणि मीही तिथंच खोली घेतली होती, त्यामुळे राग धरून बसायची सोयही नव्हती.

संस्थान होतं तेव्हा काकासाहेब दरबारच्या शिकारखान्यात अंमलदार होते. संस्थान गेलं, ते अबकारी खात्यात गेले आणि तिथून निवृत्त झाले. पण शहरात त्यांची ओळख एकाच गोष्टीची होती. कुणाला जंगल खात्याचा परवाना मिळाला की तो माणूस रविवारी सकाळी आपली काडतुसं घेऊन त्यांच्या बैठकीत हजर होई. काकासाहेब सतरंजीवर पांढरं धोतर पसरायचे, काडतुसं त्यावर मांडायला लावायचे आणि एकेक उचलून कानाशी हलवून, बुडाची टोपी, जिच्यावर घोडा आपटला की बार उडतो, ती उजेडात निरखून बघायचे. बाद म्हणून बाहेर काढलेलं काडतूस मालकाला कितीही आवडतं असो, ते परत धोतरावर येत नसे.

मला या विषयात काडीचा रस नव्हता. मी रविवारी तिथं जायचो तो काकींच्या हातच्या पोह्यांसाठी. पण ऐकून ऐकून मलाही समजायला लागलं. सॉफ्ट म्हणजे नाकाशी शिसं उघडं ठेवलेली गोळी; अंगात शिरली की पसरते आणि तिथंच थांबते. सॉलिड म्हणजे पूर्ण कवचातली. हाड आलं, कातडं आलं, तरी पार जाते. गव्याला सॉलिड, नाहीतर गोळी त्याच्या खांद्यातच दमते. वाघाला जड सॉफ्ट, कारण सॉलिड त्याच्यातून आरपार निघून जाते आणि तो मरायच्या आधी तुमच्यापर्यंत पोचतो. हलकी, वेगाची सॉफ्ट फक्त हरणाला.

हे पटवायला त्यांच्याकडे काकींचा जुना मिसळणाचा डबा होता. जनावरांतून काढलेल्या गोळ्या त्यांनी त्यात ठेवल्या होत्या. मोहरीच्या वाटीत सांबर, हळदीच्या वाटीत अस्वल, जिऱ्याच्या वाटीत वाघ. कुठली पसरून चपटी झालेली, कुठली नुसता चुरा. काकी पाहुण्यांदेखत म्हणायच्या, "माझा डबा बाटवला तो बाटवला, वर लोकांना उघडून दाखवतात!"

एकदा एक ठेकेदार आले. नवी कोरी रायफल, नवे कोरे बूट.

"काकासाब, सबसे तेज गोली बता दो, बस."

"मारना क्या है?"

"शेर."

"और नहीं मरा तो?"

"भाग जाएगा, और क्या!"

"भागके घास में बैठेगा. उसके पीछे अंदर कौन जाएगा?"

ठेकेदार मोठ्यानं हसले. "अरे वो गाँववाले देख लेंगे, भिया!"

काकासाहेबांनी धोतरावरची काडतुसं गोळा केली, खोक्यात भरली, खोकं त्यांच्या हातात दिलं. म्हणाले, "पोहे खा के जाओ. जंगल मत जाओ."

ठेकेदार पोहे न खाता गेले. मी त्यांची बशीही संपवली.

आत कोण जाणार, हाच त्यांचा खरा प्रश्न होता. त्यांच्या घराण्याचा एक नेम होता आणि त्यात माफी नव्हती. ज्यानं जनावर जखमी केलं, त्यानंच त्याच्या मागे आत जायचं. गावकऱ्याला पाठवायचं नाही, रान उठवणाऱ्या हाकेवाल्याला पाठवायचं नाही, दुसऱ्या दिवसावर टाकून घरी यायचं नाही. ते म्हणत, "गोळी जनावरासाठी नसते रे. चुकल्यावर आत जाणाऱ्या माणसासाठी असते."

त्यांचा एकुलता मुलगा अजित हे सगळं ऐकत मोठा झाला होता, आणि म्हणूनच बहुधा त्याचं त्याकडे लक्ष नव्हतं. मिलच्या ऑफिसात नोकरी, डोळ्यांवर गॉगल, जिभेवर अर्धी हिंदी, अर्धी मराठी. बापाची टिंगल करायचा पण बापाच्या पाठीमागे. "बाबांना सांगू नका हं डॉक्टरसाब, अपन तो जीपवरूनच शिकार करतो. पायी चालायला अपन काय पोस्टमन आहे का?" गोड मुलगा होता. मला फार आवडायचा.

खंडेनवमीला त्यांच्याकडे शस्त्रपूजा असे आणि शेजारी म्हणून मला बोलावणं असे. चौरंगावर तलवार, दुनळी रायफल, आणि मधोमध कातडी पट्टा. त्या पट्ट्यातली काडतुसं दरबारनं, म्हणजे महाराजांनी, काकासाहेबांच्या वडिलांना, आबांना, स्वतःच्या हातानं दिलेली होती, दुनळीची, जड सॉफ्ट. वर्षभर ती देवघरात, टाकांच्या शेजारी राहायची. पट्ट्यात त्यांची डोकी खाली, बुडं वर. काकी प्रत्येक बुडाला तेलाचं बोट लावायच्या आणि मग कुंकू. एकदा त्यांनी नुसतंच कुंकू लावलं तर काकासाहेब म्हणाले, "आधी तेल. त्याशिवाय टिकत नाही. आबांपासूनची रीत आहे." काकींनी पुन्हा तेल घेतलं.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी दसरा होऊन आठवडाही झाला नसेल. सकाळी मी दाढी करत होतो आणि काकासाहेब दारात उभे. कधी दाराशी उभा न राहणारा, सरळ आत येणारा माणूस.

"डॉक्टर, तुमची बॅग घ्या. चोरलच्या खाली जायचंय."

आदल्या संध्याकाळी अजितनं जीपमधून वाघावर गोळी झाडली होती. चोरलच्या घाटाखाली एक वाघ गुरं उचलत होता, त्याला मारायचा परवाना अजितच्या मित्राकडे होता. रस्ता ओलांडताना वाघ दिसला, अजितच्या हातात हरणाची हलकी रायफल होती, आणि त्यानं तीच चालवली. गोळी खांद्याला लागली. वाघ नाल्यातल्या गवतात गेला आणि हे सगळे शूर वीर घरी आले. रात्रभर त्यानं बापाला सांगितलं नव्हतं. सकाळी नानसिंग आला, चोरलकडचा त्यांचा जुना माग काढणारा. त्यानं सांगितलं की नाल्यात रक्त आहे, वाघ जिवंत आहे, आणि गावातल्या बाया त्याच नाल्यावर गवत कापायला जातात. आज त्यांना थोपवून धरलंय.

मी बर्ग्यांकडे पोचलो तेव्हा काकी दारात आडव्या उभ्या होत्या. "तुम्ही जा. त्याला नेऊ नका. त्याला काही येत नाही, तुम्हांला माहीत आहे."

"मग कुणाला नेऊ? नानसिंगला? त्याला पोरं नाहीत?"

"मी हात जोडते."

काकासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. अजित कोपऱ्यात उभा होता, गॉगल नव्हता, चेहरा पिठासारखा. तो म्हणाला, "आई, मी जातो. मीच लावली ना गोळी." पहिल्यांदाच त्यानं एका वाक्यात हिंदी घातली नाही.

धोतर पसरलं गेलं. काकासाहेबांनी स्वतःसाठी मॅगझिनची रायफल घेतली आणि तिच्यात दुकानातून आणलेली काडतुसं, एकेक कानाशी हलवून. पहिल्या बारासाठी वर सॉफ्ट ठेवली. दुनळी अजितला दिली. एकामागोमाग दोन बार, मध्ये हात हलवायचंही काम नाही. तिच्यासाठीही दुकानातली काडतुसं होती. ती त्यांनी उचलली, पाहिली आणि बाजूला सारली. "कुठल्या गोदामात दमटून पडली होती कोण जाणे," म्हणाले. मग उठून देवघरात गेले, नमस्कार केला आणि पट्टा घेऊन आले. त्यातली दोन काढून धोतरानं पुसली आणि अजितच्या तळहातावर ठेवली.

"दरबारचा हात लागलाय यांना. ही दगा देणार नाहीत."

ती त्यांनी कानाशी हलवली नाहीत. टोपीही उजेडात धरली नाही. देवघरातून आलेल्या वस्तूवर शंका घ्यायची त्यांना रीतच नव्हती.

नाल्याच्या काठावर एक अंजनाचं झाड होतं. नानसिंगनं मला आधी चढवलं आणि मग स्वतः चढला, ओच्यात दगड घेऊन. एकादशी करणारा मी, फांदीला मिठी मारून बसलो होतो. हे सांगायला मला लाज वाटत नाही. खाली कमरेच्या वर गवत, पिवळट, दाट, आणि वारा नव्हता. बापलेक नाल्याच्या तोंडाशी उभे होते. अजित अर्धं पाऊल पुढे, कारण नेम तसा होता. काकासाहेब डावीकडे, जरा मागे.

"बाबा," अजित म्हणाला.

"बोल."

"काही नाही."

ते आत शिरले. नानसिंग त्यांच्या पुढे दगड टाकत होता. दगड पडला की दोघं थांबत, ऐकत, मग एक पाऊल. एकदा गवत हललं, पण ते मुंगूस निघालं. अजितच्या सदऱ्याची पाठ ओली झालेली मला वरून दिसत होती. काकासाहेब हळू आवाजात बोलत होते, एखाद्या बुजऱ्या बैलाशी बोलावं तसं. "घाई नको. येऊ दे. जवळ येऊ दे. मानेखाली, छातीत."

नानसिंगनं पुढचा दगड टाकला आणि त्याच जागेवरून वाघ उठला. गर्जना, खोकला, काय म्हणावं त्या आवाजाला! अजित पळाला नाही. हे मला लिहून ठेवायचंच आहे. तो पाय रोवून उभा राहिला, दुनळी खांद्याला लावली आणि वाघ अगदी समोर येईपर्यंत थांबला, अगदी बापानं सांगितलं तसा. मग त्यानं चाप ओढला.

खट्.

दुसरा ओढला. खट्.

मग तो गवतात दिसेनासा झाला आणि त्याच्यावर तो पिवळा ढीग. दोघं एकमेकांत गुंतलेले, काकासाहेबांना उभ्या जागेवरून गोळी घालता येत नव्हती. ते धावले नाहीत. बाजूनं फिरून, चालत, वाघाच्या अंगाशी गेले, नळी त्याच्या काखेमागे टेकवली आणि बार काढला. वाघ तिथंच बसला. गोळी त्याच्या आत पसरली आणि आतच राहिली. सॉलिड असती तर वाघातून निघून खालच्या पोरात गेली असती. हे मला तेव्हा सुचलं नाही, नंतर फार वेळा सुचलं.

मी झाडावरून उतरलो की पडलो, आठवत नाही. अजितचा डावा हात कोपराच्या वर चावलेला होता, हाड बाहेर. पण श्वास चालू होता. मी दाबून बांधत होतो आणि काकासाहेब शेजारी गुडघ्यावर बसून दुनळी उघडत होते. मला वाटलं या माणसाला आता तरी काडतुसं सुचताहेत कशी! त्यांनी ती दोन काडतुसं तळहातावर घेतली. दोन्ही टोप्यांवर खोल खड्डे. रायफलनं तिचं काम चोख केलं होतं. आणि टोपीच्या कडेला, बारीक फटीत, लाल रेघ होती. कुंकवाची. दरवर्षीचं तेल त्या फटीतून आत उतरत गेलं होतं आणि आतली दारू कधीच मेली होती. त्यांना ते पाहताक्षणी कळलं. त्यांच्या तोंडून असा आवाज आला की नानसिंगनं मान फिरवली.

वाघाच्या दातांतून हातात जाणारं विष वाघापेक्षा वाईट. आम्ही इस्पितळात पेनिसिलीन ओतलं, पण हात काळा पडत गेला आणि ताप उतरेना. आमच्या सर्जननी मला सांगायला पाठवलं. काकासाहेब बाहेर त्याच बाकावर होते, ज्याच्यावर ते पहिल्या दिवशी माझी वाट बघत बसले होते.

"हात की जीव, एवढंच सांगा," ते म्हणाले.

"हात."

"घ्या."

हात खांद्याजवळून गेला. त्यानंतरचे दिवस अजित राहतो की जातो असेच गेले. काकी पायाशी बसून असत आणि कुणाशी बोलत नसत. एकदाच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टर, बोट तर माझंच होतं." काकासाहेब तिकडून म्हणाले, "लाव म्हणणारा मी होतो. तुझं बोट मध्ये आणू नकोस."

अजित शुद्धीवर आला त्या सकाळी मी नाडी बघत होतो. काकासाहेब खाटेशी उभे राहिले, सरळ, दरबारात उभे राहत असतील तसे, आणि त्यांनी सगळं सांगितलं. तेल, कुंकू, टोपी, आणि आपण ती काडतुसं तपासली नाहीत हेही. "दुसऱ्या कुणाच्या पोराला असती तर तपासली असती. तुला द्यायची म्हणून नाही तपासली."

अजितनं छताकडेच बघत ऐकलं. मग म्हणाला, "बाबा, छोड़ो ना. जीपवरून गोळी कुणी घातली?"

"ती तुझी चूक. तिच्यासाठी तू आत गेलास, उभा राहिलास. ती फिटली. हात माझ्यामुळे गेला."

"बरं. तुमच्यामुळे गेला," अजित म्हणाला. "आता बसा. उभे नका राहू, यार."

काकासाहेब बसले आणि रडले. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

मला वाटलं होतं रविवारची बैठक बंद होईल. झाली नाही. मिशा तशाच, धोतर तसंच. पण काडतुसं मांडायच्या आधी ते म्हणायचे, "पहले मेरी सुनो," आणि अनोळखी माणसाला देवघरातल्या काडतुसांची गोष्ट सुरुवातीपासून सांगायचे. अजित तेव्हा शेजारच्या खोलीत असे. पाहुणे कावरेबावरे होत, पोहे बशीतच राहत. माझे एक जंगल खात्यातले स्नेही बाहेर पडल्यावर म्हणाले, "यार, हे रोज सांगतात?" मी म्हटलं, रोज नाही, रविवारी.

पुढे शिकारच बंद झाली आणि बैठकीचा प्रश्नही उरला नाही. माझी बदली जबलपूरला झाली. मी कामानं इंदूरला आलो तेव्हा बर्गे मंडळी राजेंद्र नगरात राहायला गेली होती. काकी गेल्या होत्या. मी सकाळीच गेलो. अजितचं लग्न झालेलं, केस पिकलेले, डावी बाही पिन लावून दुमडलेली. मिलला निघायच्या तयारीत होता. काकासाहेब फार वाकले होते आणि मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झाले होते. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं, हात धरून बसवलं आणि म्हणाले, "जरा थांबा हं, याचे बूट राहिलेत."

पायरीवर पाट मांडलेला होता. ते चाचपडत त्यावर बसले, अजितचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि नाडी बांधायला लागले. गाठ दोनदा निसटली. एक पाय झाला, दुसरा झाला. बराच वेळ लागला, पण अजित भिंतीला टेकून शांत उभा होता, घड्याळाकडे न बघता.

"झालं. जा आता."

"येतो बाबा."

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. नाड्या चालता चालताच सुटल्या होत्या. फाटकाबाहेर, कुंपणाच्या आड, अजित खाली बसला आणि एका हातानं त्यानं दोन्ही नाड्या सफाईनं बांधल्या. पापणी लवायच्या आत. वर बघून माझ्याकडे हसला.

"आत बोलू नका हं, डॉक्टरसाब."

तो कोपऱ्यावरून वळला. मी परत आलो तर काकासाहेब अजून पाटावरच बसले होते, रस्त्याकडे तोंड करून.

"गेला?"

"गेला."

"नीट गेला ना?"

"नीट गेला, काकासाहेब," मी म्हणालो.